डबी म्हणते बावीस

(उत्तरेच्या बर्फाळ मुलुखात औलू शहराजवळचं एक लाकडी घर, आत सौना म्हणजे गरम वाफेचं न्हाणीघर. जानेवारीतला शनिवार. हवायंत्र दुरुस्त करणारी विर्पी निजायच्या खोलीत शिडीवर. खाली इर्या आणि तिचा नवरा ताइस्तो.)

विर्पी : काकू, हवेच्या झरोक्यात हा लोकरीचा मोजा कुणी कोंबला?

इर्या : मी. गार वारा सरळ माझ्या डोक्यावर येतो तिथून.

ताइस्तो : आणि मी दोन महिने एका पायात मोजा घालून हिंडतोय!

इर्या : हिंड! चाळीस वर्षं संसार केला, आणि हा माणूस माझ्यापेक्षा थर्मोस्टॅटच्या डबीचं ऐकतो.

ताइस्तो : अगं, डबी म्हणते बावीस. ती कशाला खोटं बोलेल?

इर्या : म्हणजे मी बोलते! विर्पी, उद्या सकाळच्या गाडीनं मी चालले केमीला, बहिणीकडं. बर्फ वितळेपर्यंत. हा आणि ती डबी, बसू देत दोघं कॉफी पीत.

विर्पी : रोजच असतो का गारठा?

इर्या : रोज नाही गं. शनिवारी. रविवार उजाडेपर्यंत दात वाजतात.

विर्पी : शनिवारीच? काका, डबी आहे कुठं?

ताइस्तो : घरातल्या बोळात.

विर्पी : बोळात कुठं?

ताइस्तो : सौनाच्या भिंतीवर.

विर्पी : अहो काका! शनिवारी सौना पेटला की ती भिंत तापते. डबीला वाटतं, घर ऊबदार झालं. मग ती हीटर बंद करते, पंखा वाढवते, आणि बाहेरची हवा भसाभसा आत. तुम्ही तिकडं घाम गाळताय, आणि काकू इथं कुडकुडताहेत.

इर्या : मला तर डॉक्टरांनी सौनाही बंद केलाय.

विर्पी : डबी खरं तर इथं हवी. थांबा, हे कॅलेंडर उचलते. ही बघा स्क्रूची भोकं! कुणी हलवली?

इर्या : ताइस्तो? मला तर म्हणालास, तिथं आकडा नीट वाचता येतो!

ताइस्तो : तू ऑपरेशन करून घरी आलीस ना... हीटर लागला की ही टक् करायची. बंद झाला की परत टक्. तू दचकून छातीवर हात धरून उठायचीस. मला बघवेना. हलवली.

इर्या : मग बोलला का नाहीस?

ताइस्तो : त्यात काय सांगायचं!

इर्या : अरे देवा! तू मिठाची गुळणी धरून बसलास, आणि मी दोन महिने समजत होते, याला माझं काही पडलेलंच नाही.

ताइस्तो : चुकलं माझं. तू गार म्हणालीस तेव्हाच ऐकायला हवं होतं.

विर्पी : आवाज न करणारी डबी पुढच्या आठवड्यात आणते. तोवर हीच इथं लावते. पण टकटक होणार हं, काकू.

इर्या : होऊ दे. याचं घोरणं ऐकते, तिथं टकटकीचं काय! ताइस्तो, बहिणीला फोन लाव.

ताइस्तो : कुठल्या गाडीनं येतेस म्हणून सांगू?

इर्या : सांग, तूच ये म्हणावं इकडं. आणि विर्पी, तो मोजा दे बाई. याचा पाय बघ, किती गार पडलाय.