केबल नंबर सात

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे पन्नासकाका, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

घाबरू नका, फार लांबण लावणार नाही.

काकू, हे नाव तुम्हाला आवडत नसेल. पण करणार काय? आमचं खातं बोटींवरचे बिनतारी संच तपासणारं. संचाचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शक्तीला होणारा विरोध, पन्नास ओहम यायलाच हवा, नाहीतर शक्ती अँटेनातून बाहेर जायचं सोडून उलटी फिरते आणि संचालाच भाजते. अठ्ठेचाळीस आले की आम्ही म्हणायचो, "चालतंय की!" काका मुकाट्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलायचे. मग काय बिशाद कुणाची पुढे बोलायची!

खिडकीजवळचं ते लांब टेबल आठवतं? सोल्डरचा तो वास? भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या केबली, प्रत्येकाची वेगळी, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. ज्या केबलवर मीटर शून्य केला, तिनंच मोजायचं, हा काकांचा दंडक. केबल हातभर कमीजास्त झाली तरी आकडा चुकतो.

एकोणीस वर्षांपूर्वी मी नवीन होते. कायम होण्याला तीन आठवडे उरलेले, घरी बाबा अंथरुणाला खिळलेले. एका दुपारी माझ्या केबलचं टोक ढिलं झालं. मी न विचारता काकांची सात नंबर उचलली, आणि मीटर पुन्हा शून्य केलाच नाही. घाई, दुसरं काय! बेचाळीस संच चुकीचे जुळवले. मोजमापाच्या तक्त्यावर तेव्हा सही नसायची, फक्त केबलचा नंबर. अंतिम चाचणीत अकरा संच जळाले.

बैठक बसली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "सात नंबर कुणाची?" माझी दातखीळ बसली. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "केबल माझी आहे."

बघा, एक अक्षर खोटं बोलले नाहीत! दुसऱ्या दिवशी उरलेले एकतीस संच पुन्हा जुळवायला माझ्याच शेजारी बसले. रागावले ते एवढंच, "विचारलं असतंस तर दिली नसती का गं?"

त्या वर्षी काका खातेप्रमुख होणार हे ठरल्यासारखं होतं. त्यांच्या फाइलीत शेरा पडला आणि ते पद हुकलं. बाहेरून दुसरे साहेब आले. ते गेल्यावर त्या खुर्चीत बसले मी. सहा वर्षं काका मला रोज सकाळी "मॅडम" म्हणाले. आत काय व्हायचं, ते माझं मला ठाऊक.

काका, हात हलवू नका. एकोणीस वर्षं गप्प बसलात, आता दोन मिनिटं आणखी बसा.

काल मी व्यवस्थापक साहेबांना अर्ज दिलाय. तो शेरा खोडावा, चूक माझी होती, असं माझ्या नावानिशी लिहिलंय. माझ्या खुर्चीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण आज झोप लागेल.

आणि काका, ही तुमची सात नंबर. भांडारातून आणलीय. या वेळी विचारून.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ती जुनी चूक मात्र घालू नका. ती एकोणीस वर्षं एकट्या काकांनीच पोटात घातलीय.