दोर एकदाच फेकला तिनं

...अहो, पण दुसऱ्यांदा विचारायला काय जातं? जीभ झिजते? दात पडतात? माझे तर तसेही पडलेत! एकदा विचारलं, समोरचा 'नको' म्हणाला, की संपलं? तुम्हाला सांगतो, आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या, काठावर पहिलं 'नको' हे 'नको' नसतंच मुळी, ते नुसतं घसा साफ करणं असतं! कुणी कॉफी पुढे केली की आधी म्हणायचं, "छे छे, आत्ताच झाली." पुन्हा केली की, "कशाला उगाच तुम्हाला त्रास." आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की, समोरच्यावर मोठे उपकार केल्यासारखं तोंड करून, "बरं, अर्धा कप." मग किटली रिकामी होईस्तोवर प्यायची! लहानपणी पाद्रीबाबांच्या घरी मी पहिल्याच खेपेला 'हो' म्हणालो, तर आईनं टेबलाखालून असा चिमटा काढला, असा काढला... हवा बदलली की मांडी अजून ठणकते.

जन्मभर फेरीबोटीवर दोर फेकायचं काम केलं मी, या आनफिननं. आमच्याकडचा माणूस थंडगार पाण्यात पडला ना, आणि आपण दोर फेकला, तरी तो आधी म्हणणार, "राहू दे आनफिन, बरा आहे मी." ओठ निळे, दात कडकड, पण रीत म्हणजे रीत! मग आम्ही पुन्हा फेकतो. पुन्हा फेकतो हो! बुडू नाही देत!

घ्या, कॉफी घ्या. नको? बरं, विचारीन पुन्हा.

तर ही सहल. आमच्या म्हाताऱ्यांच्या मंडळानं काढली. फ्योर्ड बघायला, आणि शेवटी बर्गन शहर! आता मला सांगा, ज्या पाण्यावर माझी कंबर मोडली, ते पाणी मी बसच्या काचेतून, वर पैसे भरून बघू? पण मंडळाच्या फळ्यावर नावं लागली होती, त्यात गुनवोरचं नाव होतं. पलीकडच्या वळणावरची गुनवोर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली तिचा, माझी बायको त्याच्याही आधी गेली. रविवारी चर्चबाहेर हवेवर बोलायचो आम्ही. "गार आहे." "गार आहे." एवढंच, पण आठवडा जायचा त्यावर! ही गुनवोर मूळची बर्गनची, हे लक्षात ठेवा. लग्न होऊन आमच्याकडे आली, आमच्यासारखी गवत वाळवायला शिकली, आमच्यासारखं कमी बोलायला शिकली, पण एक गोष्ट काही शिकली नाही. ती एकदाच विचारते!

बसमध्ये चढलो. ती खिडकीशी. शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली, मांडीवर घेतली, म्हणाली, "आनफिन, ये, बस इथं." काळीज असं उडालं... आणि मी काय म्हणालो? "छे छे, मी मागं बरा आहे." आणि उभा राहिलो. आता म्हणेल, आता म्हणेल... मागून लोक ढकलतायत, बस सुरू झाली, मी खांबाला धरून दात काढतोय. ती म्हणाली, "बरं." पिशवी पुन्हा सीटवर! पिशवीला जागा मिळाली, मला नाही! मी गेलो मागं, इंजिनावर, पार शिजलो! दुसऱ्यांदा विचारायला काय जातं हो?

पुढच्या थांब्यावर रोल्फ चढला. बर्गनचा दंतवैद्य, निवृत्त, डोंगरावर मुलीकडे राहून घरी परतत होता, बसमध्ये जागा होती म्हणून घेतलं त्याला. पांढरा मफलर, दात असे की आपण डोळे मिटावेत. गुनवोर म्हणाली, "ही जागा रिकामी आहे." "वा, आनंदानं!" म्हणाला आणि बसला! लाज? शरम? आईनं कधी चिमटा काढला नसणार.

मग मी काय करणार? गमती करत सुटलो. मला दुसरं येतंय काय? आमची गाइड सुन्निवा, कोवळी पोर, माईक घेऊन ओरडतेय, "मंडळी, डावीकडे धबधबा! मंडळी, उजवीकडे धबधबा!" मी मागून गंभीर आवाजात म्हटलं, "लवकर बघून घ्या, पाचला बंद करतात. वीज वाचवायला. वर एक माणूस बसलेला असतो, नळ फिरवतो." अहो, अर्धी बस कॅमेरे घेऊन पळाली! दंतवैद्य सगळ्यांत पुढे! सुन्निवा रडकुंडीला, "आजोबा, काहीतरी खरं बोला हो!" आणि गुनवोर हसली. मान मागं टाकून हसली. मी म्हटलं, जिंकलो! नंतर घाटातल्या बोगद्याच्या तोंडाशी मी डोकी खाली वाकवायला लावली सगळ्यांना, छत खाली आलंय म्हणून. अख्खी बस वाकली. ड्रायव्हरसुद्धा!

फेरीबोटीवर तिनं डबा उघडला. घरचे वॉफल, वर तपकिरी गोड चीज, तिच्या हातचा मुरांबा. माझ्यापुढे धरला. "घे." पोटात आग पडलेली. मी म्हटलं... काय म्हटलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आणि माझ्या डोळ्यांदेखत दंतवैद्यानं खाल्ला. बोटं चाटली. दंतवैद्य, आणि गोड खातो!

बर्गनला पोचलो तर पाऊस. तिथे पाऊस पडत नाही, तिथे तो राहतोच. बंदरावरची ती वाकडी लाकडी घरं, मासळीबाजार, सगळं बघून झालं, मग दोरानं वर ओढतात त्या गाडीतून टेकडीवर. बाकीचे कॉफी प्यायला आत गेले. मी आणि गुनवोर बाहेर, कठड्याशी. खाली सगळं शहर, तिचं शहर. ती म्हणाली, "बहिणीचं घर आहे ते खाली, लाल छपराचं. तिनं मला देऊन ठेवलंय. या हिवाळ्यापासून मी इथंच राहणार. तू तिकडे एकटा बर्फ उपसत बसतोस... जागा पुष्कळ आहे, आनफिन. येतोस?"

ऐका... 'हो' अगदी इथं, घशाशी आलं होतं. आणि तोंडातून... "नको गं. कशाला उगाच तुला त्रास."

पाऊस पडत होता. मी वाट बघतोय. टोपीच्या कडेवरून थेंब, थेंब, थेंब... म्हणेल. एवढी मोठी गोष्ट, म्हणजे दुसऱ्यांदा तरी म्हणेलच! तिनं छत्री नीट केली आणि म्हणाली, "बरं."

बरं! जन्मभर मी लोकांना दोर फेकले, पुन्हा पुन्हा फेकले. मला एकदाच आला, आणि मी त्याला 'राहू दे' म्हटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर सगळी मंडळी परतीच्या बससाठी उभी. मी ठरवलं, गेली रीत खड्ड्यात. सरळ तिच्यापुढे गेलो, टोपी काढली, पावसात, टक्कल उघडं, आणि मोठ्यानं म्हटलं, "गुनवोर, हो! मी येतो! तुझ्याबरोबर राहायला येतो!"

आणि... अख्खी बस हसली! सुन्निवा पोट धरून, "आजोबा, पुरे आता!" ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. निरोप द्यायला आलेल्या दंतवैद्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, "धबधब्यापेक्षा भारी होती ही गंमत!" आणि गुनवोर... तीही हसली. डोळे पुसत म्हणाली, "तू आणि तुझ्या गमती! कधी खरं बोलला असतास एकदा तरी..."

मी काय केलं? वाकून सलाम ठोकला. प्रेक्षकांना. टोपी घातली आणि बसमध्ये चढलो. येताना तिच्या शेजारच्या सीटवर पिशवीही नव्हती. मी तिथं बसलो नाही. कुणी विचारलंच नाही ना.

घ्या हो कॉफी. अजून नको? घ्या... बघा, मी विचारतोय पुन्हा. माणूस आहे मी!

परवा तिचा फोन आला. "आनफिन, मी आणि रोल्फ लग्न करतोय. फार माणसं नाहीत, जवळची तेवढी. तू यावंस असं वाटतं. येशील?" आता तुम्ही म्हणाल, एवढं पोळल्यावर म्हातारा शहाणा झाला असेल. मलाही वाटलं होतं! श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि... "छे छे, कशाला उगाच तुम्हाला त्रास."

"बरं," म्हणाली.

लग्न शनिवारी आहे. कोट ब्रशनं झाडून ठेवलाय, बुटांना पॉलिश केलंय, दाढी रोज करतो. तेवढं जरा हळू बोला हो सगळे... फोन वाजला तर ऐकू यायला हवा.