बेसवरची दोन झाकणं

...आणि वर मलाच विचारतात, "सूनबाई, हात आखडतो का गं तुझा?" आखडेल नाही तर काय करेल! तुम्हीच सांगा, हात ठेवायचा कुठे?

थांबा, नीट सांगते. मी तशी कमी बोलते. म्हणजे घरात बाकी सगळे बोलतात, त्यामुळे माझी पाळीच येत नाही. आज आलीय, तर ऐकून घ्या. मी बेस वाजवते. बेस म्हणजे गिटारचा थोरला भाऊ, चार जाड तारा, आणि वाजवणारीकडे कुणी बघत नाही. मला ते फार सोयीचं. आणि माझं सासर म्हणजे एक अख्खा बँड आहे. सासरे कीबोर्डवर, मोठे दीर गिटारवर, नवरा ड्रमवर, आणि सासूबाई गातात. बेस नणंदेकडे होता, ती लग्न होऊन परगावी गेली आणि जागा रिकामी झाली. आमचं ठरत होतं तेव्हा माझी आई जरा भीत भीतच म्हणाली, "ती गप्प असते हो, पण बेस छान वाजवते," तर सासऱ्यांनी पुढचं ऐकलंच नाही, मुलाकडे वळून म्हणाले, "झालं!" नवऱ्याला मी आवडले की नाही ते नंतर विचारलं.

माझ्याकडचा बेस कॉलेजच्या बँडचा, तो कॉलेजातच राहिला. "त्याचं काय एवढं, घरचा आहे की!" म्हणत सासऱ्यांनी मोठ्या कौतुकानं पेटी उघडली, आणि बघते तर बेसवर दोन झाकणं! धातूची, चकचकीत, स्क्रूनं आवळलेली. एक मधोमध, पिकअपवर... म्हणजे तारांचा आवाज जो पकडतो ना, त्याच्यावर कमान टाकल्यासारखं. दुसरं तारा जिथे संपतात तिथे, ब्रिजवर. आता मी शिकले ती अंगठा पिकअपवर टेकवून. पिकअप झाकणाखाली. मागे सरकावं, तर दुसरं झाकण. मधल्या फटीत बोटं घालावीत, तर कडेला बाही अडकते. एक गाणं मी बाहीसकट वाजवलंय. आणि एवढं करून आवाज कसा? ढप. ढप. ढप. वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी झटकतंय असा. हात ठेवायचा कुठे?

मी हळूच विचारलं, काढूया का? सासरे सभ्य माणूस, म्हणाले, "कंपनीनं काही विचार करूनच लावलं असेल ना?" म्हणजे कंपनीपेक्षा तू शहाणी का, पण सभ्यपणे. सासूबाईंनी तर छातीलाच हात लावला. त्या कार्यक्रमाआधी पिकअपच्या झाकणात बघून लिपस्टिक लावतात. "जरा तिरकी हो गं... हं, आता हलू नकोस." त्या वेळी मी वादक नसते, ड्रेसिंग टेबल असते! मोठे दीर म्हणाले, "आमच्या छोटीनं कधी तक्रार केली नाही हं." छोटी म्हणजे नणंद. आणि नवरा? नवरा म्हणाला, "मला विचारशील तर काढ. पण मला विचारू नकोस."

अशात त्या मोठ्या हॉटेलचं बोलावणं आलं. एक कार्यक्रम बघणार, आवडला तर दर शनिवारी आम्हीच. घरात नुसती धांदल. आणि जेवताना सासरे अगदी मायेनं म्हणतात, "बेस जमत नसेल तर राहू दे बाळा. मी डाव्या हातानं कीबोर्डवर सांभाळून घेईन. तू आपली खंजिरी घे. छान दिसेल."

खंजिरी! अहो, बोटांना घट्टे पडलेत माझ्या! वर्षानुवर्षं तारा दाबल्यात त्या काय खुळखुळ करत उभं राहायला? एकदा खंजिरी हातात आली की ती सुटत नाही, तुम्हाला सांगते. मग बेस त्या पेटीत, आणि मी कडेला, हसऱ्या चेहऱ्यानं.

मी घास गिळला आणि म्हणाले, "मला झाकणं काढायची आहेत."

सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई नवऱ्याला विचारतात, "ही बोलली?"

तर गॅरेजमध्ये, जिथे आम्ही सराव करतो तिथे, सासऱ्यांनी स्वतः स्क्रू काढले, ऑपरेशन चालल्यासारखे. बाकी बेस उन्हानं नारिंगी पडलेला आणि झाकणांखाली गडद लाल, जुना फोटो काढल्यावर भिंत दिसते ना, तसा. ब्रिजच्या झाकणाच्या आत स्पंजची पट्टी चिकटवलेली, तारांवर दाबून बसलेली. ती झाकणाबरोबरच गेली. मी अंगठा टेकवला. एक तार छेडली. घुम्म्म्म... सूर निघाला तो जाईचना! सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे इतकी वर्षं कुठे होतं?" मला तर रडूच यायचं बाकी होतं. खंजिरी गेली खड्ड्यात. हात बसला!

मग घेतलं ते संथ गाणं, सासूबाईंचं लाडकं. पहिली ओळ सुरेख. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी सासऱ्यांच्या बोटांकडे बघून एफ वाजवला, आणि मोठे दीर थांबले. "चुकली ती. तिथे डी मायनर आहे."

सासरे म्हणाले, "एफ आहे."

"बाबा, मी पहिल्यापासून डी मायनर वाजवतोय."

"आणि मी एफ!"

तुम्हाला सांगते, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर, आणि या दोन कॉर्ड तर सख्ख्या बहिणी. तीनातले दोन सूर सारखे. कुठली कुठली, ते खालचा बेस ठरवतो. आणि खालचा बेस इतकी वर्षं काय म्हणत होता? ढप! बाप आणि लेक एकाच ओळीला दोन वेगळ्या कॉर्ड वाजवत होते, आणि सुखात होते हो!

"तुला शिकवलं कुणी?" "तुम्हीच. चुकीचं शिकवलंत." "मग वाजव एकटा!" "वाजवतो!" सासूबाई मध्ये म्हणाल्या, "अरे, मी गाते ते कुठलं?" दोघं एकदम, "तू मध्ये पडू नकोस!" नवरा झांजेचा स्क्रू घट्ट करत बसला, तो घट्टच होता. दिरांनी गिटार पेटीत घातलं, हॉटेलला एकटं जा म्हणाले, आणि मग दोघंही माझ्याकडे वळले. "सूनबाई, तूच सांग. कोण बरोबर?"

सासरे की मोठे दीर? नव्या सुनेनं सांगायचं? मी अंगठ्यापुरती जागा मागितली होती, न्यायाधीशाची खुर्ची नाही!

म्हटलं, पाणी पिऊन येते. आणि आत जाऊन नणंदेला फोन लावला. तिनं सगळं ऐकलं आणि किंचाळलीच, "वहिनी! स्पंज काढलास? अगं, तो मी चिकटवला होता!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मग! एकदा महिनाभर बोलत नव्हते दोघं. आई जेवण वेगवेगळं वाढायची. शेवटी मीच भरला स्पंज आणि आवळलं झाकण."

"मग तू कुठला सूर वाजवायचीस?"

"ते आता मला विचारू नकोस. माझं लग्न झालंय."

बाहेर आले, ती जुन्या पट्टीच्या जोडीला भांडी घासायचा कोरा स्पंज कापूनच. म्हटलं, मला झाकणाशिवाय जमत नाही, सवय झाली. कुणी हरकत घेतली नाही. पहिलं झाकण, दुसरं झाकण, स्क्रू मीच आवळले. ढप. दोघांनी ऐकलं, दोघांचे चेहरे सैल झाले. दिरांनी गिटार परत काढलं.

आणि हॉटेलवाल्यांनी आम्हाला ठेवून घेतलं. दर शनिवारी! बेस माझ्याकडेच राहिला. परतताना सासरे कानाशी येऊन म्हणाले, "एफ वाजवलास ना? ऐकला मी." सामान चढवताना दीर पुटपुटले, "डी घेतलास तो. मानलं तुला." घरी आल्यावर नवऱ्यानं दार लावून घेतलं. "खरं सांग, काय वाजवलंस तिथे?"

काय वाजवणार! काही नाही. ती ओळ आली की मी रुमाल काढते आणि मन लावून झाकण पुसते. सासूबाई गाता गाता बघतात, आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटतात, "आमची सून ना, वस्तू फार जपते हो."