सोबत एक

इशबेल : परत वाचते, नीट ऐक. 'बारा डिसेंबर. डुगल मॅकफी आणि सोबत एक. वरच्या तळ्यापर्यंत. चारच्या आत परत.' हे 'सोबत एक' कोण?

डुगल : सूप गार होतंय.

इशबेल : होऊ दे. मला तर म्हणाला होतास, एकटाच चाललोय.

(स्कॉटलंडच्या डोंगरातली बिनकुलपाची दगडी खोली. जानेवारी, दुपारचे तीन. इथे थांबणाऱ्याने वहीत नाव, माणसं किती आणि जाणार कुठे ते लिहायचं, अशी रीत. कोणी हरवलं तर शोधायला येणारे आधी ही वही उघडतात. कॅमेरा बाहेर बर्फात ट्रायपॉडवर उभा आहे. मावळतीचं ऊन कड्यावर यायला अजून थोडा वेळ आहे, आणि या नवराबायकोला भांडायला तेवढा पुरेल.)

डुगल : असेल कोणीतरी वाटेत भेटलेला. म्हटलं असेल, चल, बरोबर जाऊ.

इशबेल : 'असेल'? महिना झाला फक्त, दहा वर्षं नाही झाली.

डुगल : मग चुकून लिहिलं असेल.

इशबेल : तू? चुकून? शोधपथकात वीस वर्षं काढलीस तू. त्या दोन पोरांनी इथे 'तिघे' लिहून ठेवलं आणि तुम्ही अकरा जण दोन दिवस बर्फात तिसरा शोधत बसलात. तो मुळात घरातून निघालाच नव्हता. पायाची दोन बोटं गेली तुझी त्यात. तेव्हापासून येईल त्याला या वहीवरून झापतोस, आणि तू आकडा चुकवणार? शेंडी कोणाला लावतोस?

डुगल : ढग सरकतायत. चल, बाहेर जाऊ.

इशबेल : शिवाय अक्षर तुझं नाही. तुझं म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. हे बघ कसं गोल, टपोरं. बाईचं आहे.

डुगल : अक्षरावरून बाई की बुवा ते कळतं होय तुला?

इशबेल : मला बरंच कळतं. ट्रायपॉडच्या पायांवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण आहे, तेवढ्याच उंचीवर मघाशी लावलास. कॅमेरा माझ्या गळ्याशी येतो, तू तर ताडमाड. म्हणे, खालून चांगलं दिसतं. कोण आहे ही बुटकी?

डुगल : उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसू नकोस.

इशबेल : उगाच? ऑक्टोबरपासून गाडी मला चालवायला देतोस. लग्न झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हतास. 'तू चालव, मला डोंगर बघू दे.' मी वेडी, सुखावले. लेन्स दुरुस्तीला टाकायची म्हणून दोनदा इन्व्हर्नेसला गेलास, लेन्स कपाटातच होती. आणि सगळ्यात वाईट सांगू? तू माझ्याकडे बघत नाहीस.

डुगल : काहीही.

इशबेल : बघत नाहीस. मी बोलायला लागले की तुझी नजर माझ्या कानाशी, नाहीतर मागच्या भिंतीवर. आत्ताही बघ, खिडकीकडे आहे. मनात पाप असलेला माणूसच अशी नजर चुकवतो.

डुगल : पाप नाही माझ्या मनात.

इशबेल : मग नाव सांग. आणि ऐक, मी ठरवून आलेय. खरं बोललास तर ते कसंही असो, बरोबर खाली उतरू आणि घरी जाऊन भांडू. खोटं बोललास तर गाडीपाशी गेल्यावर तुला घरी सोडीन आणि तशीच पुढे ओबानला बहिणीकडे जाईन. बॅग गाडीत आहे.

डुगल : बॅग? कधी भरलीस?

इशबेल : काल. तू मोजे शोधत होतास तेव्हा. तुझ्या नाकासमोर होते ते.

डुगल : कर्स्टी.

इशबेल : कोण कर्स्टी? पोस्टातली? अरे, आपल्या मुलीच्या वयाची आहे ती.

डुगल : बुटकी आहे, म्हणून खूण खाली. तिला फोटोतलं कळतं. नजर चांगली आहे तिची.

इशबेल : नजर. वा. आणखी काय काय चांगलं आहे?

डुगल : बस खाली.

इशबेल : मी उभी बरी आहे.

डुगल : फोकस ती करते, इशबेल. नोव्हेंबरपासूनचे सगळे फोटो. जागा मी सांगतो, ऊन कधी कुठे पडेल ते सांगतो. कॅमेऱ्यातून बघते ती. वहीतही तिनेच लिहिलं. मी म्हटलं, नाव नाही घातलंस तरी चालेल, पण माणसं दोन म्हणजे दोनच लिही.

इशबेल : आणि तू का नाही बघत?

डुगल : मला दिसत नाही.

इशबेल : काय दिसत नाही?

डुगल : मधलं. कडेकडेचं दिसतं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं, काचेवर कोणी ओला अंगठा फिरवल्यासारखं. इन्व्हर्नेसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. डावा आधी गेला, आता उजवा. ठार आंधळा होणार नाही म्हणाले. पण मधलं परत येणार नाही.

इशबेल : म्हणजे ते मोजे...

डुगल : मोजे, वही, रस्ता. ऑक्टोबरात पुलापाशी मेंढी आडवी आली, मला दिसलीच नाही. माणूस असता तर? दुसऱ्या दिवशी किल्ली तुझ्या हातात ठेवली.

इशबेल : किल्ली दिलीस. कारण मात्र त्या पोरीला सांगितलंस.

डुगल : सांगितलं नाही, तिने ओळखलं. पोस्टात पाकिटावर पत्ता लिहीत होतो, तो पाकीट सोडून टेबलावर गेला. तिने पेन घेतलं आणि लिहून दिलं.

इशबेल : बाईची भानगड असती तर एक वेळ समजले असते, डुगल. हे जास्त लागलं मला. तीस वर्षं तुझ्यामागून हे डोंगर चढतेय मी.

डुगल : तुला सांगितलं असतं तर तू माझा डोंगर बंद केला असतास.

इशबेल : केला असता.

डुगल : म्हणून नाही सांगितलं. भीती वाटली.

इशबेल : हे भांडण संपलेलं नाही, लक्षात ठेव. पेन दे. आपलं नाव घालायचं राहिलंय.

डुगल : काय लिहितेस?

इशबेल : 'नऊ जानेवारी. इशबेल आणि डुगल मॅकफी. या खोलीपर्यंतच. अंधाराच्या आत दोघेही खाली.' टोपी घाल. दाराशी बर्फ कडक झालाय, माझा दंड धर.

डुगल : वाट पाठ आहे मला.

इशबेल : धर म्हटलं ना.

डुगल : ऊन आलं का कड्यावर?

इशबेल : येतंय. टोकावर आलंय, ढग सरकतोय तसं हळूहळू खाली उतरतंय.

डुगल : रंग कसा आहे?

इशबेल : पिकल्या जर्दाळूसारखा. खालचं तळं अजून निळंच आहे. थांब, हे वर करते आधी, मी काही बुटकी नाही. हं. सगळं धूसर दिसतंय.

डुगल : लेन्सवरची पुढची कडी हळू फिरव. कड्यावर एक उभी भेग आहे, ती स्वच्छ दिसली की थांब.

इशबेल : दिसली. काय सुंदर आहे रे.

डुगल : मग काढ.

इशबेल : बटण तू दाब. हे बघ, इथे माझ्या बोटाखाली आहे. डुगल? ऊन चाललंय, आणि त्या दगडाकडे काय बघत बसलास?

डुगल : दगडाकडे नाही. तुझं तोंड बघतोय. असं बाजूला बघितलं की दिसतं.