पत्र्याचं दुसरं टोक

बदलापूरला शिरगावच्या रिक्षासाठी रांगेत होतो. माझ्यापुढच्या बाईंना रांगेबाहेरून एकाने हाक मारली.

“जयभीम, वहिनी. छपराचे पत्रे आले म्हणे.”

“आले, निळे. फळ्यांवर ठेवून प्लास्टिकने घट्ट बांधलेत.”

“घट्ट नको. आत पाणी सुटतं, पत्र्यावर डाग पडतात. हवा खेळू द्या.”

“बरं. सकाळी यांनी एकट्याने एक ओढला, तर खालच्याचा रंग खरवडला.”

“ओढायचा नसतो. दोघांनी दोन टोकं धरून उचलायचा.”

“दुसरा कुठून आणू, नरेंद्र? सख्खा भाऊ वर्षभर फिरकला नाही.”

“दादा माझ्याबद्दल काही बोलला?”

“ते कशाला बोलतील. हातमोज्यांचे मात्र दोन जोड आणलेत.”

“रिक्षा आली, वहिनी. आत सरका, मी पण येतोय.”