पेटीत पडलं ते पडलं

अध्यक्षस्थानी बसलेल्या आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे शिंपीकाका, पुढच्या रविवारपासून पंचाची खुर्ची सांभाळणाऱ्या केमिस्टताई, मंडळाचे जुनेनवे खेळाडू, त्यांच्या घरची मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले पंचसाहेब.

मी बुकबाइंडर माणूस. पानं शिवणं हे माझं काम, भाषण हे नव्हे. तरी साहेबांविषयी चार शब्द बोलायचा मान मी मागून घेतलाय.

घरच्या मंडळींसाठी सांगतो, आमचा खेळ म्हणजे मोठ्या टेबलावरचा एक काल्पनिक नकाशा. पाच राज्यं, लाकडी फौजा. दर रविवारी दुपारी प्रत्येकाने आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या पेटीत टाकायचा, मग पंचसाहेब चिठ्ठ्या उघडून फौजा हलवणार. एकाच राज्याने सगळा नकाशा गिळला की खेळ संपतो. बावीस वर्षं तो संपला नाही, याचं श्रेय कुणाचं? एकट्या साहेबांचं. कुणी वरचढ होऊ लागला की त्याची युती फुटायची, बाकीचे एकत्र यायचे. हे इतकं वेळेवर कसं जमतं, याचं आम्हाला नवल वाटायचं.

आणि शिस्त तर विचारू नका. शिंपीकाकांनी एकदा घाईत पूर्वेऐवजी पश्चिम लिहिलं आणि त्यांचं अख्खं आरमार बुडालं. काका गयावया करत होते. साहेब एवढंच म्हणाले, "पेटीत पडलं ते पडलं." हसताय काय काका, त्या दिवशी तुम्ही चहालाही थांबला नव्हतात.

आता थोडं घरचं बोलतो. डोंगरी राज्य माझं, बंदरांचं राज्य माझ्या धाकट्या भावाचं. घड्याळजी आहे तो, मागच्या रांगेत बसलाय. आमची युती होती आणि अर्धा नकाशा आमच्या हातात आला होता. एका रविवारी साहेबांनी मला जिन्यात गाठलं. हळूच म्हणाले, "धाकट्यापासून जपा. मी काही बोललो नाही हं." मी त्याच दुपारी भावाच्या बंदरांवर चाल केली. पेटी उघडली तर त्याचीही चाल माझ्यावरच. त्यालाही कुणीतरी जिन्यात गाठलं होतं, हे मला कसं कळणार?

खेळातलं भांडण खेळात राहायला हवं होतं, मान्य. नाही राहिलं. वरच्या मजल्यावर तो, खालच्या मजल्यावर मी, नऊ वर्षं अबोला. आई दवाखान्यात होती तेव्हा आम्ही दिवस वाटून घेतले होते, एकमेकांचं तोंड दिसायला नको म्हणून. ती म्हणायची, "एकदा दोघं बरोबर या रे." गेलो बरोबर, पण तिला खांदा द्यायला.

मागच्या वर्षी साहेबांनी आपल्या जुन्या टिपणवह्या माझ्याकडे बांधायला टाकल्या. आत काय लिहिलंय ते विसरले असतील. किंवा बुकबाइंडर कशाला वाचतोय, असं वाटलं असेल. मी वाचतो. "डोंगर-बंदर युती फार वाढली. दोघा भावांशी वेगवेगळे बोलणे." त्याखाली पुढच्या रविवारची नोंद, "काम झाले. समतोल उत्तम." अक्षर फार सुरेख आहे हो साहेबांचं. ती वही घेऊन मी जिना चढलो आणि नऊ वर्षांनी धाकट्याचं दार वाजवलं.

असो. साहेब स्वखुशीने निवृत्त होताहेत असं निमंत्रणपत्रिकेवर छापलंय. घरी त्यांचं कुणी नाही, रविवारची वाट बघत ते आठवडा ढकलतात, हे आपण सगळे जाणतो. मग असा माणूस खुर्ची सोडेल कशाला? सांगतो. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हणालो, "साहेब, सगळ्यांना वाटतंय तुम्ही आता थांबावं. मी काही बोललो नाही हं." चार दिवसांनी धाकटा त्यांच्याकडे घड्याळ दुरुस्त करायला गेला, तोही तेच बोलला. आणि तुम्हा सगळ्यांना आम्ही काय सांगितलं? साहेबांनाच थांबायचंय, उगाच आग्रह करू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं.

केमिस्टताई, त्यांनी जावं असं तुम्हाला वाटत होतं? काका, तुम्हाला? माना हलताहेत, बघा साहेब. कुणालाच नको होतं. फक्त आम्हा दोघा भावांना हवं होतं.

मला वाईट वाटतंय का? वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

काका, बसा. राजीनामा परत घ्या, असंच म्हणणार ना तुम्ही? पण साहेबांनी तो हौसेने, शेवटचा हुकूम म्हणून, स्वतःच्या हाताने त्या पत्र्याच्या पेटीत टाकला, आणि आपण टाळ्या वाजवल्या. परत घेता येतो का, साहेब? नियम तुमचाच आहे. तुम्हीच सांगा.

बरं.

आम्हा भावांतर्फे हे भिंतीवरचं घड्याळ स्वीकारावं. धाकट्याने खास जुळवलंय, रविवारी दुपारी त्याचे ठोके जरा मोठे पडतात. सभागृहाने इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. साहेबांची माफी मात्र मी मागत नाही. त्यांच्या नियमात ती बसत नाही.