वहीतला खोकला

नागुबाई : न्हाय भरमू, आधी वाच. मग सोड पान्यात.

भरमू : आक्का, आप्पांनी जाताना बजावलंय. योगाची वही कुनी उघडायची न्हाय, दहाव्याला तशीच वेदगंगेत सोडायची.

नागुबाई : तू त्यांचा शिष्य, तुला ते शोभतंय. मी बायकू हाय. माझ्यापायी त्यांची साधना किती मोडली, तेवढं कळू दे.

भरमू : मोडीत लिवलंय.

नागुबाई : कचेरीत रोज मोडीच वाचतोस न्हवं?

भरमू : ...ऐका. 'पहाटे बैठक. प्राणायाम बारा आवर्तनं. चित्त स्थिर.' फुडं बी तेच. 'स्थिर.' 'स्थिर.'

नागुबाई : माझ्या खोकल्याचं बघ. वखारीत तंबाकू निवडून छातीत बसलेला, ऐन बैठकीच्या वक्ताला उठायचा.

भरमू : हाय. 'पलीकडच्या खोलीत ही खोकली. जागी आहे म्हणायची. बरं वाटलं. बसलो.'

नागुबाई : बरं वाटलं?

भरमू : तसंच लिवलंय.

नागुबाई : आता एकतीस सालची दिवाळी काढ. मी गोठ्यात निजाय लागले तवाचं.

भरमू : ऊन लई झालंय आक्का. ऱ्हाऊ दे.

नागुबाई : वाच.

भरमू : 'ही आजपासून गोठ्यात निजते. कारण सांगितलं नाही. माझ्या योगाचा वीट आला असेल. वखारीत राबून ती घर चालवते आणि मी नाक धरून बसतो. कोणत्या तोंडानं परत बोलवू?'

नागुबाई : फुडं.

भरमू : 'खोकला ऐकू आला नाही. चित्त लागलं नाही. गोठ्याच्या दारापर्यंत गेलो. तिचा श्वास ऐकला. परत आलो. उद्या विचारीन.'

नागुबाई : असं किती दिस?

भरमू : शेवटच्या पानापत्तूर. सात वरसं.

नागुबाई : पर तूच आलतास की सांगाय. 'आप्पास्नी खोकल्याचा तरास हुतोय, गोठ्यात निजा' म्हनून.

भरमू : व्हय.

नागुबाई : त्यांनीच धाडलं हुतं न्हवं तुला?

भरमू : न्हाय. मला वाटलं, ही गुरूची सेवाच हाय. आप्पांच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. मीच बोललो.

नागुबाई : मी बी त्यास्नी विचारलं न्हाय. एवढ्या मोठ्या मानसाला काय विचारायचं, म्हनून हातरूण उचललं.

भरमू : लई चुकलं माझं. शिव्या द्या आक्का.

नागुबाई : शिव्या दिल्या म्हनून ते गोठ्याच्या दारातनं आत येत्यात व्हय? सोड वही. त्यांचा शब्द मोडू नगं.

भरमू : दारापत्तूर आल्याचं पान तेवढं फाडून देऊ?

नागुबाई : मला कुठं वाचाय येतंय.

(वही पाण्यात जाते. नागुबाई तोंडात पदर कोंबून खोकते.)

भरमू : पदर काढा आक्का. आता कुनाला तरास हाय?

नागुबाई : सात वरसांची सवय हाय रं.